चार विड्यांवरची खरपुडी

पावसाळा सरताना बालाघाटच्या डोंगरात फिरून आलं की पँटला कुसळं चिकटतात. घरी एकेक उपटत बसायचं. सगळी निघाली असं वाटतं आणि आठवड्यानं मोज्यातलं एखादं टोचतंच. आमच्या भटकंतीच्या किस्स्यांचंही तसंच झालंय. संपले म्हणावं, तर नवा निघतो!

मोठे सर म्हणजे वनस्पतिशास्त्रातलं मोठं नाव. ऐन उमेदीत ते आमच्या चौसाळ्यामागच्या डोंगरात पायी हिंडले. त्यांच्या सहा वाटा. त्याच वाटांनी दर रविवारी आम्ही चौघं जातो. शाळेत विज्ञान शिकवणारा मी, माझी बायको मंगल, सरांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले शेखचाचा आणि शेळ्या राखणारे किसनमामा. सरांबरोबर झाडं दाबायची लाकडी चौकट पाठीवर घेऊन किसनमामाच चालायचे. आता सर नाहीत. आहे ती त्यांच्या वहीची झेरॉक्स.

•

वही पहिल्यांदा उघडली तेव्हा मी चक्रावलो. अंतरं मीटरमध्ये नाहीत, मैलात नाहीत. लिहिलंय, ‘पिंपळापासून पूर्वेला दोन विड्या.’

“हे काय, मामा?”

“माज्या विड्या,” किसनमामा अभिमानानं म्हणाले. “म्या एक पेटवायचो. संपली की सर म्हनायचे, थांब किसन, लिव्हू दे.”

एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि मोजपट्टी किसनमामांच्या तोंडात!

•

पंचाईत अशी की डॉक्टरांनी मामांची विडी बंद केलीय. मग आता अंतर कसं मोजायचं? मामा न पेटवलेली विडी ओठात धरून चालतात आणि मधेच जाहीर करतात, “संपली!”

मंगलला हे पटेना. तिनं मोबाईलवर वेळ लावली, पावलं मोजली, हिशेब करून एका विडीचं अंतर काढलं. त्या आकड्यावर चाललो तर थेट एका विहिरीच्या काठावर!

मामांनी शांतपणे विहिरीत डोकावून पाहिलं. म्हणाले, “ताई, वाऱ्याला विडी लवकर संपती. तुमच्या मोबाईलात वारा धरला का न्हाई?”

•

एकदा पुण्याची काही मंडळी आली. भारी बूट, हातात काठ्या, पाठीवर पाण्याच्या नळ्या. त्यांतल्या एकानं विचारलं, “काका, ट्रेल कुठून सुरू होतो?”

“ट्रेलचं न्हाई बा ठावं,” मामा म्हणाले. “शेळ्या हितून सुरू होत्यात.”

मंडळी शेळ्यांमागून गेली. संध्याकाळी खूश होऊन परतली. सरांची तिसरी वाट अख्खी चालून आली होती!

•

शेखचाचांचा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगतात. एका साली सरांनी इतकी झाडं आणली की प्रयोगशाळेतल्या चौकटी पुरेनात. चाचांनी उरलेली झाडं कागदात घालून घरी नेली आणि आपल्या गादीखाली ठेवली. दोन आठवडे त्यावर झोपले.

“मास्तर, नमुने बघा, एकदम इस्त्री! मेरी पीठ पे अख्खा बालाघाट है.”

सरांची मूळ वही चाचांकडेच आहे. कुणाला हात लावू देत नाहीत. झेरॉक्स त्यांनीच काढून दिली, पण तिच्यात एक पान कमी. कधीही विचारा, उत्तर ठरलेलं: “मशीननं खाल्लं.”

एवढी माया असलेला माणूस पान कसं हरवतो, याचा मला कधीकधी राग यायचा. बोललो मात्र नाही.

•

पाच वाटा किसनमामांनी आम्हाला पुन्हापुन्हा दाखवल्या. सहावी कधीच नाही. “तिकडं कावून? काटा लई हाय.” पुढच्या वर्षी, “माजा गुडघा न्हाई म्हनतोय.” त्याच्या पुढच्या वर्षी तर शेळी व्यायची होती!

आणि वहीत त्याच वाटेवर सरांनी ठळक लिहिलेलं: ‘म्हसोबाच्या दगडापासून उत्तरेला चार विड्या. खरपुडी, सात वेल. दुसरीकडे कुठे दिसली नाही.’ खरपुडी म्हणजे नाजूक वेल. कंदिलासारखं फूल आणि जमिनीत गोड कंद.

यंदा त्या वाटेवरच्या पठारावर पवनचक्कीच्या रस्त्यासाठी फक्कीच्या रेघा पडल्या. आम्ही अर्ज घेऊन तहसील कचेरीत धावलो. तिथले साहेब भले होते. म्हणाले, “सोमवारी काम सुरू होतंय. त्याआधी एक वेल जागेवर दाखवा, रस्ता वळवायला लावतो. नुसत्या वहीवर कसं वळवू?”

म्हणजे आमच्या हातात एकच रविवार होता.

•

त्या रविवारी किसनमामा स्वतःच पुढे झाले. म्हसोबाच्या दगडापासून ओठात कोरडी विडी धरून तीन वेळा म्हणाले, “संपली.” चौथ्यांदा आवाज आलाच नाही, नुसते ओठ हलले.

तिथं गवत होतं. आम्ही गुडघ्यावर बसून दगडन्‌दगड पाहिला. मंगलची बोटं सोलली. खरपुडी नव्हती. मला रडू यायचंच बाकी होतं.

“हितं न्हाई सापडायची, मास्तर,” मामा खाली बसत म्हणाले. “म्या उकरली.”

मामा कोरडी विडी बोटांत फिरवू लागले.

“दुष्काळ हुता. सर म्हनले हुते, किसन, हिला जप. पर घरात लेकरं दोन दिसाची उपाशी. सहा कंद काढले, वाटून दिले. सरांला सांगितलं, साळिंदरानं उकरले.”

“सर काय म्हणाले?” मंगलनं हळूच विचारलं.

“काय न्हाई. वहीत लिव्हलं. म्या बघत हुतो, साळिंदर कसं लिव्हत्यात ते.”

शेखचाचांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेलं एक पान काढलं. मशीननं काही खाल्लं नव्हतं. चष्मा चढवून ते वाचू लागले, “‘खरपुडी गेली. किसन म्हणतो, साळिंदर. त्याच्या नखांत माती आहे. लेकरं जेवली असतील. हा विषय पुन्हा काढायचा नाही.’”

मामा त्यांच्याकडे पाहत राहिले. “शेख, तुला ठावं हुतं बे?”

“सर ने मना किया था. मी कसा काढणार?”

मामांनी टोपी काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग चाचांपुढं हात केला.

“काडेपेटी दे.”

चहासाठी आणलेली काडेपेटी चाचांनी दिली. डॉक्टरांचं नाव मंगलनंही काढलं नाही. मामांनी विडी पेटवली, दोन झुरके घेतले, खोकले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

“सात हुत्या, मास्तर. खाल्ल्या सहाच. सातवी म्या हलवून लावली. चला, अजून एक विडी पुढं.”