हरवलं की बसायचं

थांबमावशीला घाई अशी कधी झालीच नाही. एसटी सुटायची वेळ झालेली, कंडक्टर दार धरून ओरडतोय, गाडीतल्या बायका "अगं ये ना लवकर" म्हणून खिडकीतून हात हलवतायत, आणि ही बाई डोक्यावर पाटी घेऊन, पदर नीट करत, गाडी आपल्या अंगणातच उभी आहे अशा चालीनं यायची. वर कंडक्टरलाच सुनवायची, "थांब रं जरा. डोंगर कुठं पळून चाललाय?" आणि काय सांगू, तो थांबायचा! तिचं खरं नाव बुधीबाई. पण दर वाक्यात 'थांब' असायचाच, म्हणून जव्हारच्या स्टँडवर सगळे तिला थांबमावशी म्हणत आणि तीही त्याच नावाला ओ द्यायची.

स्टँडसमोर माझं शिवणाचं दुकान. मावशी जवळच्या साखरशेत गावची. बाजाराच्या दिवशी कधी नाचणी, कधी करवंदं, पावसाच्या तोंडावर शेवळांची रानभाजी, असं काहीबाही घेऊन यायची आणि माल खपला की परतीच्या गाडीपर्यंत माझ्या पायरीवर टेकायची. मी मुळातच घायकुतीची बाई. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात फोन, समोर गिऱ्हाईक आणि तोंडाचा पट्टा चालू. ती खालून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "बाय, आधी सुईत दोरा तरी जाऊ दे, मग बोल." राग यायचा मला, खोटं कशाला सांगू? पण एखाद्या बाजाराला ती आली नाही तर माझंच लक्ष लागायचं नाही.

विकायला बसली तरी तिचं तेच. शेजारच्या बायका "घ्या ताई, ताजी आहेत, आत्ता तोडलीत" म्हणून घसा फोडायच्या, आणि ही पाटीमागे मांडी घालून गप्प. एकदा मला राहवेना. म्हटलं, "मावशी, हाक तरी मार कुणाला. अशानं कोण येणार तुझ्याकडे?" तर म्हणाली, "ज्याला पायजे तो शोधत येतो. मी कशाला उठू?" आणि गंमत बघा, तिचा माल दर बाजाराला खपायचा. त्यामुळे तिची समजूत आणखी पक्की झाली.

तिची मुलगी सुनी माझ्याकडे शिवण शिकायला यायची. हात छान होता पोरीचा. तिनंच मला सांगितलं, लहानपणी आईबरोबर रानात गेली असताना ती हरवली होती. श्रावणातलं धुकं आमच्याकडे उतरलं की पुढ्यातलं झाड दिसत नाही. पण पोर ना रडली, ना पळाली. एका सागाखाली बसून राहिली, कारण आईनं शिकवलंच होतं तसं. मी मावशीला विचारलं तेव्हा ती अगदी शाळेतल्या बाईंसारखी सांगायला लागली. "हरवलं की बसायचं. दोघं फिरली तं दोघंबी हरवतात. एकानं बसायचं, एकानं शोधायचं."

"आणि कुणी बसायचं ते कसं ठरवायचं?"

"जो हरवला त्यानं! येवढंबी कळत नाय?" असं म्हणून तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट्यानं मशीनवर पाय ठेवला.

पुढे सुनी गावच्या माणसांबरोबर भिवंडीकडे इमारतीच्या कामावर गेली आणि तिथंच सोलापूरकडच्या एका मुलाशी लग्न करून बसली. काँक्रीटची गाडी चालवायचा तो. मग दोघं सोलापूरलाच राहायला गेली. मुलगा चांगला होता, निर्व्यसनी होता, मी चौकशी केली होती. मावशीला लागलं ते वेगळंच. "मला ईचारलं नाय. दुसऱ्याच्या तोंडून कळलं." झालं. त्या दिवसापासून सुनीचं नाव काढायची सोय राहिली नाही. तिकडे सुनीही आईचीच मुलगी. माझ्या फोनवर मला सांगायची, "ताई, आये बोलावील तवा येईन." मी मावशीला सांगितलं की मावशी म्हणायची, "मी कुठं गेले? मी हितंच हाय. गेली ती. यायचं तं तिनं यावं." दोन वर्षं माझ्या दुकानाचं पोस्ट ऑफिस झालं होतं. निरोप येत होते, जात होते आणि दोघीही जागच्या हलत नव्हत्या. मला तर दोघींच्या झिंज्या धरून आपटाव्यात असं वाटायचं.

मग सुनीला मुलगी झाली. पोर जरा मोठी झाल्यावर सुनीचा फोन आला. "ताई, आयेला सांग, मी पोरीला घेऊन येते. ह्यांना सुट्टी नाय, मी एकटीच येते. पण आये मला घ्यायला स्टेशनात आली पायजे. नाय आली तं मी संध्याकाळच्या गाडीनं तशीच मागं फिरंन, आणि मग परत कधी नाय येणार." मावशी तेव्हा पायरीवरच होती. मी शब्दन् शब्द सांगितला. तिनं पदरानं तोंड पुसलं. रिकामी पाटी जवळ ओढली. शेवटी म्हणाली, "तिला सांग, गाडी जिथं संपते तिथं उतर. मधी उतरायला जाशील तं गोंधळशील."

म्हणजे मुंबईचं ते थोरलं स्टेशन. कल्याणला उतरली असती तर आम्हाला किती सोपं पडलं असतं! पण मावशीचं म्हणणं, शेवटचं ठिकाण कुणालाबी सापडतं. मी वाद घालणार तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "बाय, तू येशील ना माझ्यासंगं?" इतक्या वर्षांत त्या बाईनं माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. मी दुकानाला कुलूप घातलं.

जव्हारहून पहिल्या एसटीनं निघालो. मावशीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पिशवीत नाचणीचं पीठ आणि मी शिवलेलं टोपडं. वाड्याला गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं, "बसली असंल ना ग ती गाडीत?" भिवंडीला पुन्हा विचारलं, "बसली असंल ना?" मी म्हटलं, "अगं, आता पोचत आली असेल." तरी तिचे हात काही स्वस्थ नव्हते. पिशवीचे बंद सोडायची, बांधायची, परत सोडायची.

पुढे लोकल धरून मुंबईला पोचलो आणि त्या थोरल्या स्टेशनात शिरलो. मी आपली मान वर करून पाट्या वाचत चालले, आणि मावशी खाली मान घालून माणसांचे पाय बघत. "पाट्या काय बघतेस? माणसं कुठं वळतात ते बघ. रानात वाट अशीच कळते." पण त्या भल्यामोठ्या दालनाच्या मधोमध गेल्यावर ती उभीच राहिली. पाय इकडून तिकडे, तिकडून इकडे, जिन्यानं वर, जिन्यानं खाली. "बाय, हितं वाटच नाय ग," ती म्हणाली. "सगळीच वाट हाय." मागून चाकांची बॅग ओढत एक गृहस्थ सुसाट आले. मावशीनं हात वर केला. "थांब रं दादा, लागंल कुणाला!" तर ते सुटाबुटातले गृहस्थ चक्क थांबले आणि वळसा घालून गेले. त्या धांदलीतही मला हसू फुटलं.

पाटीवर लिहिलेल्या फलाटावर आम्ही जाऊन उभ्या राहिलो. गाडीची वेळ झाली, टळली. मग भोंग्यातून काहीतरी सांगितलं आणि आजूबाजूची माणसं एकदम पिशव्या उचलून धावायला लागली. गाडी पार दुसऱ्याच टोकाच्या फलाटावर लागत होती. मी मावशीचा हात धरून जी ओढत नेली तिला! तरी आम्ही पोचेपर्यंत गाडी रिकामी. आत झाडणारे शिरले होते. डबान् डबा बघितला. सुनीचा फोन लावला तर बंद.

"आली नाय," मावशी म्हणाली. तिचा चेहरा मला बघवेना.

"आली असेल गं. गर्दीबरोबर बाहेर गेली असेल. चल, शोधू."

पण मावशी फलाटाच्या तोंडाशी एका खांबाला टेकून खाली बसली. "शोधू नको. आपण हरवलो ना? मग बसायचं. सुनीला म्हाईत हाय. ती येईल शोधत."

कपाळाला हात लावला मी! तिला तिथंच सोडून चौकशीच्या खिडकीशी धावले, हातापाया पडले. तिथल्या भल्या माणसानं माइकवरून पुकारलं, जव्हारच्या सुनीताबाई, असाल तिथून चौकशी खिडकीपाशी या. दोनदा पुकारलं. कुणी आलं नाही. परत आले तर मावशी तश्शीच. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघतेय, बाई पुढे गेली की दुसरीच्या. ऊन कलायला लागलं होतं. संध्याकाळची सोलापूरची गाडी पाटीवर झळकलीसुद्धा, आणि ती बघून माझं डोकंच फिरलं.

"मावशी, अगं ती तुझीच पोर आहे! तूच शिकवलंस ना तिला, हरवलं की बसायचं? तू इथं बसलीस, ती तिकडे बसली असेल! कोण कुणाला शोधणार? दोन वर्षं बसलात दोघी आपापल्या जागी, तेवढं पुरे नाही झालं? आता ती निघून गेली ना, तर बस मग जन्मभर!"

चांगली ओरडले मी. डोक्यावर दोन पेट्या घेतलेला हमाल बघत उभा राहिला. मावशीनं मान वर केली. माझ्याकडे बघत राहिली, मग पाटीकडे बघितलं. वाचता येत नव्हतं तिला, पण गाडी लागली एवढं तिला कळलं. खांबाला धरून ती उठली. "चल," म्हणाली.

आणि मग थांबमावशी अशी सुटली की मला पळावं लागलं. "पोर हाय संगती, पाण्याजवळ बसली असंल. पाठ भिताडाला लावून." पाण्याच्या एका नळाकडून दुसऱ्याकडे, एका खांबाआडून दुसऱ्याआड. बाकावरच्या बायकांची तोंडं वाकून वाकून बघायची, पुढे निघायची. कुणाला धक्का लागला, कुणी काही बोललं, तिला पत्ता नाही. त्या अवाढव्य स्टेशनाची ही बाजू झाली, ती बाजू झाली. शेवटी तिकिटांच्या खिडक्यांच्या मागल्या अंगाला पिण्याच्या पाण्याचे नळ होते, तिथं भिंतीला पाठ लावून सुनी बसली होती. मांडीवर पोर झोपलेली, बॅगेचा पट्टा स्वतःच्या पायात अडकवलेला.

मावशी चार पावलांवर उभी राहिली. सुनीनं वर बघितलं, पण उठली नाही. "आये, किती येळ लावलास ग."

"मी बसले होते."

"तू? तू कशाला बसलीस?"

"तू शोधत येशील म्हणून."

सुनी आधी हसली आणि मग अशी रडायला लागली की पोर दचकून जागी झाली. मावशी तिच्याशेजारी जमिनीवर बसली, नातीला उचलून घेतलं आणि तिच्या डोक्यावर गाल टेकला. कुणी कुणाची माफी मागितली नाही, कुणी कारणं सांगितली नाहीत. मी दोन्हीकडच्या पिशव्या सांभाळत उभी, आणि माझ्याही डोळ्यांना धार. जरा शांत झाल्यावर मी सुनीला विचारलं, "अगं, तुझं नाव पुकारलं, ऐकलं नाहीस?" तर डोळे पुसत म्हणते कशी, "ऐकलं तर! मला वाटलं, तिकिटात काय घोटाळा झाला आणि पोलीस शोधतायत. मी आणखीनच भिताडाला चिकटले." आम्ही तिघी इतक्या हसलो की पाणी भरणाऱ्या बायका बघायला लागल्या.

त्या दिवशी आमची जव्हारची गाडी चुकली. मुक्कामाला माझ्या ठाण्याच्या चुलतबहिणीकडे गेलो. मला अजिबात घाई नव्हती.

सुनी महिनाभर राहिली. जाताना मावशी पुन्हा मुंबईपर्यंत गेली, डब्यात चढून तिला जागेवर बसवून आली. पुढच्या बाजाराला पायरीवर बसल्या बसल्या म्हणाली, "बाय, ती दोन वर्षं मी कशाला बसले असंन ग?" मी हातातलं ब्लाउज बाजूला ठेवून चहा मागवला. त्यानंतर दर शिमग्याला सुनी येत राहिली, पोर अंगणात पळायला लागली, नवराही एकदा येऊन नाचणीची भाकरी खाऊन गेला. मावशीला जावई फारच आवडला, पण हे तिनं फक्त मला सांगितलं.

यंदा सुनीचं दुसरं बाळंतपण. सुनीनं यायचं तर तिला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. मावशी माझ्याकडे आली ती बोचकं बांधूनच. "मी जाते," म्हणाली. "संगतीला नको कोण." मी कल्याणला नेऊन गाडीत बसवलं, समोरच्या बाईला दहा वेळा बजावलं, आणि घरी येऊन रात्रभर कूस बदलत पडले. सुनीला मावशीनं निक्षून सांगितलं होतं, तू घरीच राहा, मी घर शोधत येते. दुसऱ्या दिवशी सुनीच्या फोनवरून मावशीचा आवाज आला, "पोचले ग!"

"इतका उशीर?"

"अग, सुनी ऐकते का? तसलं पोट घेऊन स्टेशनात आली मला शोधाया. मी उतरून तिच्या घराकडं निघाले होते, तं कोणीतरी सांगितलं, एक पोटुशी बाई म्हातारीला शोधतेय. मग मी तिला शोधाया लागले. मी या पुलावरून तिकडं, ती त्या पुलावरून हिकडं. दोघी फिरतोय आपल्या!"

"मावशी! आणि एकीनं बसायचं ना?"

"बसवतंय का ग आता?" ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली. मलाही हसू आवरेना.

"मग सापडलात कशा?"

"नातीनं बघितलं लांबून. आजी म्हणून अशी वरडली, सगळी माणसं मागं वळली." मावशी हसतेय की रडतेय, कळेना. तिकडून लहान पोरीचा आवाज येत होता, चल ना, चल ना.

"ओढतेय बघ हाताला," मावशी म्हणाली. "जाते मी."