अंतोनची खुर्ची

अंतोन हृष्काला खोटं काम जमत नसे. आमच्या सिनेमाच्या स्टुडिओत हा मोठाच दोष, कारण तिथे भिंती कापडाच्या, विटा कागदाच्या आणि बाटल्या साखरेच्या.

तो बोहेमियातून आलेला सुतार. चाळीस वर्षं त्याने टिकणाऱ्या खुर्च्या केल्या, आणि साठीच्या तोंडावर लॉस एंजेलिसात त्याला काम मिळालं ते तुटणाऱ्या खुर्च्या करायचं. बायकोला, बोझेनाला, हे त्याने सांगितलंच नव्हतं. 'श्रीमंताच्या घराचं फर्निचर आहे,' एवढंच तिला ठाऊक. मी तिथे कॅमेऱ्याला हवं तेवढं ऊन मिळावं म्हणून छतावरचे पडदे ओढायचो आणि उरलेल्या वेळात युनियन बांधायचो. खरं म्हणजे उलट.

त्या आठवड्यात खानावळीचा प्रसंग होता. जाडा प्लंकेट खुर्चीवर बसून सूप पितो. बाई येते, तो उठून वाकतो, आणि बारका फिंच तीच खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घालतो. खुर्चीच्या ठिकऱ्या. दिग्दर्शक केसलर हट्टाला पेटला होता, कॅमेरा मध्ये थांबवायचा नाही. खुर्ची बदलली की लोकांना कळतं, मग कोण हसणार?

आधीच्या सुताराच्या दोन खुर्च्या प्लंकेट बसताक्षणीच मोडून खाली बसल्या होत्या. अंतोनची खुर्ची बसली नाही. तुटलीही नाही. फिंचने दणका घातला, प्लंकेट टेबलासकट आडवा झाला आणि खुर्ची चार पायांवर उभी राहिली, जशीच्या तशी.

"मी तुटणारी मागितली होती!" केसलर ओरडला.

"सांध्यांना सरस लावायचा नाही म्हणून किती ठरवलं होतं," अंतोन पुटपुटला. "हात ऐकत नाहीत."

"मग हात घेऊन घरी जा. उद्या दुपारी ऊन आल्यावर एकदाच घेणार. तुटली तर राहा, नाही तर परवापासून येऊ नकोस."

माझं डोकं फिरलं. "म्हाताऱ्याला हाकलताय? उद्या एकही पडदा हलणार नाही, सांगून ठेवतो!"

अंतोनने माझी बाही ओढली. "बाबा रे, तू भांडतोस झकास. पण तुझ्या भांडणाने खुर्ची तुटायची नाही. चल, मला लाकूड धरायला माणूस हवाय."

एवढ्यात प्लंकेट खांदा चोळत आमच्याजवळ आला. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार.

"काका, खुर्ची जबरदस्त आहे हो," तो म्हणाला. "माझ्या घरी द्या पाठवून. तिथे एकही टिकत नाही."

"तू पडतोस तेव्हा लागत नाही?" अंतोनने विचारलं.

"लागू नये म्हणूनच शिकलोय. शेवटपर्यंत सरळ उभं राहायचं, आणि एकाच बाजूला सगळं सोडून द्यायचं."

"एकाच बाजूला," अंतोन स्वतःशीच म्हणाला आणि मला ओढत सुतारखान्यात गेला. मग सरसाचं भांडं माझ्या हातात कोंबलं. "हे लांब नेऊन ठेव. मी मागितलं तरी देऊ नकोस."

संध्याकाळपर्यंत त्याने दोनदा मागितलं. मी दिलं नाही.

स्टुडिओत अशा कामाला वापरतात ते वाळवंटातलं, भेंडासारखं हलकं लाकूड घेऊन त्याने सांधे असे कापले, की वरून वजन आलं तर आणखी घट्ट बसावेत आणि आडवा दणका बसला की सुटावेत. उचलताना निखळू नये एवढंच मेण घातलं. "खोटं काम नाही हे," शेवटचा पाय बसवताना तो म्हणाला. "अवघड काम आहे."

दुसऱ्या दिवशी धुकं ओसरायला बारा वाजले. मी पडदे ओढले. होय, ओढले. कॅमेरावाला दांडा फिरवू लागला. प्लंकेट बसला. खुर्ची करकरलीसुद्धा नाही. त्याने अख्खी वाटी सूप संपवलं, उठला, वाकला. फिंचने खुर्ची उचलली. अंतोनने डोळे मिटले.

फटाक! खुर्चीचा एक पाय माझ्या पायाशी घरंगळत आला. प्लंकेट सपाट पडला होता आणि हसू दाबता दाबता त्याचं पोट उडत होतं.

"म्हातारा राहील," केसलर म्हणाला आणि फिंचवर ओरडायला वळला.

महिन्याभराने अंतोनने बोझेनाला थिएटरात नेलं. आता तरी सांग, म्हणून मीच मागे लागलो होतो. त्यांच्या मागच्याच रांगेत मी बसलो. खुर्ची फुटली आणि सगळं थिएटर खदखदलं. बोझेना तेवढी डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होती. अंतोन टोपी चुरगाळत बसलेला.

"ही तुझी," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"पाठीचा बाक बघितला की. तीस वर्षं तसल्याच खुर्चीवर बसतेय मी." मग तिने त्याला कोपराने ढोसलं. "मागचा डावा पाय उशिरा सुटला."

"पुढच्या वेळी बघ," अंतोन म्हणाला.