पेरू नका

१४ ऑक्टोबर २००६, शनिवार. काम साधं होतं. हरभऱ्याचा एक लॉट फेरचाचणीत नापास झालेला... तो विकू नका, असा मेल चौदा दुकानदारांना पाठवायचा.

चमत्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जालन्यातल्या बियाण्यांच्या लॅबमध्ये अठरा वर्षं काढली. ट्रेमध्ये उगवेल तेच खरं, एवढंच मी मानते.

रिपोर्ट सव्वाअकराला हातात आला. मजकूर मी इंग्रजी अक्षरांत टाइप केला. शेवटी लिहिलं, ‘बियाणं नेलेल्यांना सांगा - पेरू नका.’ शेजारच्या बोर्डेबाई वाकून वाचत हसल्या, “अवो, लोक पेरू खायचे सोडतील की!” मी ते खोडून ‘पेरणी करू नका’ केलं.

मेल एका छोट्या प्रोग्राममधून जायचे. पण त्या आठवड्यापासून सर्व्हर फक्त सुरक्षित जोडणीच घेत होता. प्रोग्राममध्ये SSL वर टिक केली, पोर्ट बदलून पाहिले, पासवर्ड पुन्हा टाकला... दर वेळी तीच एरर. एकीकडे फोन चालू होते. तेरा दुकानदार फोनवर सापडले. अंबडच्या रऊफभाईंचा मात्र सतत एंगेज! त्यांचं इंटरनेट त्याच लाइनवर. आणि सगळ्यात जास्त माल त्यांच्याकडेच. जमिनीतली ओल उडाली की हरभऱ्याला दुसरी संधी नसते.

अडीचला घोडं कुठे अडलं ते दिसलं. कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल संपलेला, तारीख २००२ ची. सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून लागूच झालं नव्हतं! तारीख दुरुस्त केली, मेल गेला.

तीनला रऊफभाईंचा फोन. “मॅडम, दुबारा कायको भेजा? सकाळीच भेटला ना.”

“सकाळी किती वाजता?”

“धाला. कौसल्याबाईच्या तीन बॅगा रिक्षात चढल्त्या, उतरवून घेतल्या. लई शिव्या दिल्या बाईनं मला. पर मॅडम, ये ‘पेरू नका’ लिहिलं, म्हन्जे पेरनीच ना?”

“हो, पेरणीच,” म्हणत मी फोन ठेवला. खोडलेला शब्द... तोही रिपोर्ट यायच्या सव्वा तास आधी. प्रोग्रामच्या नोंदीत दिवसभरात एकच खेप गेलेली होती, अडीचनंतरची. घड्याळ चुकलं म्हणावं, तर रिक्षातून बॅगा खरोखरच सकाळी उतरल्या होत्या, कॉम्प्युटरच्या घड्याळाने नव्हे.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीने चांगल्या लॉटच्या तीन बॅगा घेऊन अंबडला गेले. रऊफभाईंनी प्रिंट दाखवली. लॉट नंबर बरोबर, खाली माझं नाव, आणि तोच शब्द. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

तिथून कौसल्याबाईच्या शेतावर गेले. तिनं बॅग उचलून पाहिली.

“मॅडम, तुमाला इतक्या सकाळी कसं कळलं वो?”

“ओल जाऊ राह्यली,” मी म्हटलं, “आधी पेरून घ्या.”

आणि पदर खोचून दुसरी बॅग मी उचलली.