काजूसाठी तीन सह्या: मुलुंड, बोरिवली आणि परत

दिगू माझा चुलतभाऊ. कोकणातली आमची सामाईक जमीन तो एकटाच राखतो. सरकारच्या फळबाग योजनेतून तिथे काजू लावायचे त्याने ठरवलं. खड्डे, रोपं, खत सगळ्याला अनुदान आहे. अट एकच, सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी, तीही सोमवारच्या आत. आम्ही बाकीचे तिघे इकडे उपनगरांत पांगलेले: घाटकोपरची आत्या, बोरिवलीचे आप्पाकाका आणि मुलुंडची मी. रविवारी सकाळी दिगू कागद घेऊन माझ्या दारात हजर झाला.

"माझी सही काय, घरचीच आहे. शेवटी करू," मी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. त्या माळावर, फणसाखाली, माझं एक घर आहे. बांधलेलं नाही. पण ऑफिसात बसल्या बसल्या ओटी कुठे, खिडकी कुठे, हे मी कित्येक वर्षं ठरवते आहे.

मुलुंडहून घाटकोपरला बसने निघालो. रविवारी रस्ता मोकळा असतो, बसायलाही मिळतं. आत्याने घावणे खायला घातले, कागद वाचला, पेन उचललं आणि परत ठेवलं.

"आप्पाने केली?"

"नाय अजून," दिगू म्हणाला.

"मग थोरल्या घराआधी मी करू? डोकं फिरलंय काय तुमचं?"

आमचं चुकलंच. गावात देवाच्या गाऱ्हाण्यापासून पेरणीपर्यंत पहिला मान थोरल्या घराचा, आणि आम्ही निघालो होतो जवळचं स्टेशन बघून.

घाटकोपरहून मेट्रो, मग हायवेच्या स्टेशनावर उतरून पुलावरून गुंदवली, तिथून दुसरी मेट्रो. बोरिवलीकडे जाताना उजव्या दाराशी उभे राहा. राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर धुरकट निळे दिसतात आणि आपण कुठे निघालोय ते क्षणभर विसरायला होतं. मी तर त्या उतारांवर माझी ओटीही मांडून पाहिली.

आप्पाकाका गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. "कुठली जागा? फणसाखालची?" त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "तिथे मी घर बांधणार होतो रे. मागे पडवी, पुढे तुळस."

माझ्याच जागेवर त्यांचंही घर होतं.

"बांधणार असलात तर सांगा, काका," दिगू म्हणाला. "मी अर्ज भरूचंय नाय."

काका कुंडीतल्या तुळशीकडे बघत राहिले. "लाव काजू. कोणीतरी काही लावतंय तिथे, ते बरं." त्यांनी सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

उलट फिरून घाटकोपर. आत्याने या वेळी चष्माही न लावता सही केली आणि पुन्हा जेवायला बसवलं.

संध्याकाळी मुलुंडला पोचलो. आता माझीच सही उरली होती. मी पेन शोधायला फारच वेळ लावला.

"तुजा घर खंय होता गो?" दिगूने विचारलं. त्याने केव्हाच ओळखलं होतं.

"फणसाखालीच. ओटी पश्चिमेला."

त्याने खड्ड्यांचा आराखडा काढला, बोटाने मोजलं. तेवढी जागा तो सोडेल असं मला उगीच वाटलं. "हयसर खड्डा येतलो," तो ओटीच्या जागी बोट टेकवत म्हणाला. "ह्यो काजू तू येवन तुज्या हातान लाव."

मी सही केली. डोळे भरून आले, ते त्याला दिसले.

अजूनही ऑफिसात मी त्या ओटीवर जाऊन बसते. फक्त आता मधोमध एक काजू आहे, आणि मी जरा सरकून बसते.