सीमेच्या अलीकडचं घर

भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. दरवर्षी पश्चिम युरोपच्या धड्यात लक्झेंबर्ग यायचं. नकाशावर त्याचं नाव त्याच्या अंगात मावायचं नाही, म्हणून बाजूला लिहून बाण काढलेला असायचा. 'एवढासा देश, मग एवढा श्रीमंत कसा?' असं मुलं विचारायची आणि मी पोलाद, बँका, मोक्याची जागा असं फळ्यावर लिहून मोकळी व्हायचे. तिथं रोज सकाळी कामाला येणारी माणसं कुठून येतात आणि संध्याकाळी कुठं परततात, हे पुस्तकात नव्हतं. ते मला माझ्या मुलीनं शिकवलं.

ती नोकरी करते लक्झेंबर्गमध्ये आणि राहते बेल्जियममध्ये. श्रीमंत देशात पगार चांगला, पण घर घेणं आवाक्याबाहेरचं. म्हणून नर्सा, गवंडी, बँकेतले लोक शेजारच्या देशांतल्या गावांत राहतात आणि रोज सीमा ओलांडतात. मला यात नवल वाटलं नाही. सीमेपलीकडच्या निपाणीकडची पोरं आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत पाळीला येतातच की. आणि आपल्या गाड्या कागलच्या पुढं कर्नाटकात जाऊन स्वस्त डिझेल भरतात, तसे तिच्या गावचे लोक पेट्रोलला लक्झेंबर्गला जातात. "इथं सीमा म्हणजे रस्त्याकडेची एक पाटी आहे, आई," ती म्हणाली होती. मी म्हटलं, नशीबवान आहात, आमच्याकडं सीमेचा विषय निघाला की अजून एसट्या बंद होतात.

जाताना 'जरा अनुभव घेते आणि येते' म्हणाली होती. तिचे वडील तेव्हा नुकतेच गेले होते. मीच म्हटलं, जा. मग वाट बघायला लागले. सकाळी म्हशीचं दूध घालायला येणारे काका दारातूनच विचारायचे, "बाई, पोरगी कवा येनार हाय?" मी म्हणायचे, "येतीय की, यंदा." माझं यंदा काही संपेना. पुढं पुढं त्यांनी विचारायचं सोडून दिलं, आणि ते मला विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

एकटं राहणं जमतं, असं मी सगळ्यांना सांगते. जमतं म्हणजे काय, दिवस जातो. पण पांढरा रस्सा मी कित्येक वर्षांत केला नाही. एका माणसासाठी कोण मटण शिजवत बसतं? दुपार तर अंगावर येते. रेडिओ लावते, तो काय बोलतोय याकडं लक्ष नसतं, घरात कुणीतरी बोलतंय एवढंच पुरतं.

यंदा तिनं तिथंच घर घेतलं. फोनवर सांगताना आवाज जपून जपून काढत होती. मला विचारायचं होतं, म्हणजे आता परत येणार नाहीस का? तोंडातून निघालं ते भलतंच. "वास्तुशांत कधी करतेस?"

तिच्या गावात भटजी कुठला मिळणार? निदान दूध तरी उतू घाल, असं मीच सुचवलं. नव्या घरात दूध उतू गेलं की भरभराट होते, असं आपल्याकडं मानतात. मी मानते का, ते सोडा. रविवार ठरला. तिची सकाळ, माझी दुपार. तिनं फोन ओट्यावर टेकवून ठेवला आणि मी इथं नवी साडी नेसून खुर्चीत बसले. आज सरळ विचारायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

"दूध पूर्वेला सांडू दे," मी म्हटलं. ती गोंधळली. मग मीच सांगितलं, तुझं ऑफिस ज्या बाजूला आहे ना, ती पूर्व. ती हसली. "बरोबर आहे, भरभराट तिकडंच आहे."

पण दूध सांडेना. शेगडी विजेची, वरून सपाट काच. चार थेंब काचेवर पडले की शेगडी टीं टीं करून स्वतःच बंद व्हायची. दोनदा असं झालं. "शहाणी शेगडी आहे तुझी," मी म्हटलं, "भरभराट होऊ द्यायची नाही तिला." शेवटी तिनं पातेलं काठोकाठ भरलं, सरकवत पूर्वेच्या कडेला नेलं, आणि दूध फसफसून बाहेर आलं. आम्ही दोघी हसलो. फार दिवसांनी अशा हसलो.

तेवढ्यात तिच्या मागं खुर्चीवर कुणीतरी हललं. पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. शेजारच्या घरातली, मुलगी म्हणाली. नवरा नाही. मुलगा लक्झेंबर्गमध्ये कामाला होता, आता तिकडंच राहायला गेला. कामाच्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे सीमेपलीकडं, म्हणून ही दिवसभर खिडकीत बसून असते. "मी तिला दवाखान्यात नेते, बाजाराला नेते. रविवारी ती माझ्याकडंच जेवते."

मला वाईट वाटलं. त्या बाईबद्दल नाही, स्वतःबद्दल.

मुलगी दुधात साखर, वेलची घालून ढवळत होती. जन्मभराच्या सवयीनं मी बोलून गेले, "आधी घरातल्या मोठ्या माणसाला दे."

ती थांबली. फोनकडं बघितलं, म्हणजे माझ्याकडं. मग कप भरून त्या बाईच्या हातात दिला. बाईनं दोन्ही हातांनी तो धरला, एक घोट घेतला आणि माझ्याकडं बघत तिच्या भाषेत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतीय?"

"विचारतीय, तुझ्या आईजवळ कोण असतं?"

मी उत्तर जुळवत होते. शेजारी आहेत, ओळखी आहेत, गाव माझं आहे. पण मुलगी माझ्यासाठी थांबली नाही. तिनंच तिला फ्रेंचमध्ये सांगितलं, हळू आवाजात, एकच वाक्य. बाईनं कप खाली ठेवला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुलीनं तोंड दुसरीकडं केलं.

"काय सांगितलंस गं तिला?"

"काही नाही आई."

जे विचारायला बसले होते, ते मग मी विचारलं नाही. दूध निवायच्या आत पिऊन घे, एवढंच म्हटलं.