नावाचे तीन तुकडे

मी सातवीपर्यंत शिकलो आणि जन्मभर फरीदाबादच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलो. तरी सत्तरी उलटल्यावर मी प्रोग्राम लिहिला, आणि तो चालतो.

शिकवलं सूनबाईनं. ती हिंदी घरातली. मराठी आमच्याकडे येऊन शिकली. "बाबा, कॉम्प्युटरला नाव म्हणजे नुसती अक्षरांची माळ," ती म्हणाली. "रिकामी जागा दिसली की तिथे तोडायचं." तोडण्या-कापण्यातच माझी हयात गेलेली. मला काय कठीण?

दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळात मी सांगून बसलो, यंदा गणपतीत सगळ्यांचे नावाचे बिल्ले माझा प्रोग्राम करणार. पूर्ण नाव टाकायचं. त्यानं पहिला आणि तिसरा तुकडा उचलायचा, म्हणजे नाव आणि आडनाव. मधला बापाचा नाहीतर नवऱ्याचा, तो सोडून द्यायचा. नावं भराभर निघाली. सूनबाईचं टाकलं आणि गाडी अडली. तिसरा तुकडाच नाही, अशी लाल अक्षरांत तक्रार आली. ती माहेरचंच नाव लावते, दोन शब्दांचं.

"मध्ये माझ्या मुलाचं नाव घाल, पुढे आपलं आडनाव. बिल्कुल चालेल."

"लग्नापासून तुमचं हेच चाललंय. माझं नाव बसत नसेल तर माझा बिल्ला नको. मी आरतीलाही येत नाही."

"मी कुठे नको म्हणतोय? प्रोग्राम म्हणतोय."

"अच्छा! आणि प्रोग्राम लिहिला कोणी?"

ती स्वयंपाकघरात गेली. मी स्क्रीनसमोर बसून राहिलो. जिनं शिकवलं तीच नसली, तर मी मंडळात मिरवू कशाच्या जोरावर? आणि नाव तीनच शब्दांचं असतं, हे कॉम्प्युटरला मीच सांगितलेलं. वर मधला शब्द तर मी कुणाचाच छापत नव्हतो.

हाक मारून विचारलं, "माळ शेवटाकडून मोजता येते का गं?"

"येते की!" आतूनच तिनं कसं लिहायचं ते सांगितलं. तिसऱ्याऐवजी शेवटचा तुकडा घेतला. तिचा बिल्ला निघाला, बाकीचेही पहिल्यासारखेच निघाले.

आरतीच्या वेळी अध्यक्षांनी तिचा बिल्ला वाचला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, सुनेचं आडनाव वेगळं कसं?"

"तिचं आहे म्हणून," मी म्हटलं, आणि त्यांचा बिल्ला त्यांच्या खिशाला लावून दिला.