ओली फरशी, कोरडी फरशी आणि सासूबाईंचा डोळा

परवा सकाळी आमच्या घरातली एक पायरीच गायब झाली... लॅपटॉपवर.

मी वणीत राहते आणि घरी बसून दुसऱ्यांची घरं सजवते. म्हणजे आर्किटेक्ट लोक नकाशे पाठवतात, मी त्यांचं थ्रीडी मॉडेल करून, त्यात ऊन आणि लाइट टाकून, फोटोसारखं चित्र काढून देते. खऱ्या घरात कधीच नसते इतकी टापटीप माझ्या चित्रांत असते, हे मान्य.

या वेळी एका रिसॉर्टचं काम होतं. पूलच्या कडेची फरशी अर्धी ओली, अर्धी सुकलेली दाखवा, असा क्लायंटचा हट्ट. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये दोन मटेरियल घ्यायची, एक कोरडी फरशी, एक ओली... आणि वर एक काळं-पांढरं चित्र द्यायचं. पांढरं असेल तिथे ओली दिसते, काळं असेल तिथे कोरडी, आणि करड्या भागात दोन्ही एकमेकींत मिसळतात.

मला ते नीट जमेना. म्हणून प्रॅक्टिसला आमच्याच घराचं मॉडेल उघडलं. टाइल्स बदलायच्या की नाही यावर नवऱ्याशी वाद झाला, तेव्हा बनवून ठेवलं होतं. वाद अजून चालू आहे.

आणि ओल्या फरशीची आमच्याकडे काय कमी... वणीत कोळशाची धूळच अशी, की सकाळी घर धुतलं नाही तर दुपारपर्यंत तळपाय काळे होतात. नुसतं झाडून भागत नाही, बादलीने पाणी ओतावं लागतं.

तर मधल्या खोलीतून आपण स्वयंपाकघरात उतरतो ती जागा मी घेतली. तिथे एक पायरी आहे, आणि समोरच्या दारातून सकाळचं तिरपं ऊन आत येतं. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून रेंडर लावला, म्हणजे सॉफ्टवेअरला चित्र काढायला सांगितलं. चित्र आलं आणि त्यात पायरी नाही.

आधी वाटलं, मॉडेल बिघडलं. तपासलं तर पायरी जागेवर होती. फरशी पूर्ण कोरडी केली, पायरी स्पष्ट दिसली. पूर्ण ओली केली, तरी अंदाज येत होता. पण दोन्ही मिसळल्या की खरी कड उन्हाच्या चकाकीत बुडून जायची. आणि तिच्या हातभर पुढे, जिथे ओलं संपून कोरडं सुरू होत होतं, ती रेघच पायरीची कड वाटायची.

याच जागी, अशाच धुतलेल्या फरशीवर, काही महिन्यांपूर्वी सासूबाई पडल्या होत्या.

त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झाला होता. नशिबाने मार फार लागला नाही. पण त्यांनी मनाशी पक्कं केलं, की ऑपरेशन बिघडलं, डोळा गेला. डॉक्टरांनी पुन्हा तपासून डोळा उत्तम आहे म्हणून सांगितलं, तर घरी येऊन म्हणाल्या, आपलं काम बिघडलं असं कोण कबूल करतं?

तेव्हापासून ही बाई भिंत धरून चालायची. स्वयंपाकघरात पाय ठेवणं बंद, शेजारी जाणं बंद. डाव्या डोळ्यातलाही मोतीबिंदू पिकत आलेला, पण ऑपरेशनचा विषय काढला की तोंड फिरवायच्या. चांगला डोळा असून ह्या खरंच आंधळ्या होऊन बसतील, अशी मला भीती वाटायला लागली होती.

मी लॅपटॉप उचलून थेट त्यांच्या पलंगावर नेला. कोरड्या फरशीचं चित्र दाखवून पायरी कुठे आहे विचारलं. त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मग मिसळलेलं चित्र दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं ते त्या ओल्या-कोरड्याच्या रेघेवर.

मी नवऱ्याला हाक मारली. तो खाणीत डम्पर चालवतो, त्याचे डोळे नेमाने तपासले जातात आणि त्याला त्याचा भारी अभिमान आहे. त्याने एक नजर टाकली आणि आईने जिथे ठेवलं होतं, नेमकं तिथेच बोट ठेवलं.

खरी कड मी दाखवली. तो अर्थातच वाद घालायला लागला. मग मॉडेल बाजूने फिरवून दाखवलं, तेव्हा कुठे त्याला पटलं.

सासूबाई मात्र त्याच्या बोटाकडेच बघत होत्या. त्याला म्हणाल्या, "तुले बी नाही दिसली?"

"नाही दिसली, माय. कोनालेच नसती दिसली."

"मंग माहा डोया चांगला हाये म्हनजे..." आणि त्या रडायलाच लागल्या. पदर डोळ्याला लावला, मग डोळा चोळायचा नाही हे आठवून पदर बाजूला घेतला. त्यांना रडताना पाहून मलाही रडू आलं.

नवऱ्याने त्याच दिवशी पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइल पेंटची जाड पट्टी मारली. धुतल्यावर फरशी पुसून कोरडी करायचं कामही आता त्याच्याकडे.

काल सकाळी मी पोळ्या करत होते. सासूबाई भिंतीला हात न लावता पायरी उतरून आल्या, माझे सगळे डबे कसे चुकीच्या जागी आहेत ते सांगितलं, आणि तुरीची डाळ निवडत बसल्या. खाली बघतच विचारलं, डाव्या डोळ्यासाठी डॉक्टरले फोन कधी करतं? मी पोळी तव्यावर तशीच टाकून फोन केला.

पोळी करपली. या सॉफ्टवेअरला मी आजवर फक्त शिव्या घातल्यात, पण आता त्याचे उपकार मानते. पुढच्या आठवड्यात डावा डोळा आहे... आणि या वेळी भीती त्यांनाही नाही, मलाही नाही.